शेवटच्या खाचरातला चिखल

बाबा, चुबुक, चुबुक, चुबुक, आणि मग बारा बायांनी एकदम एक पाऊल मागे घेतल्याचा पाण्याचा आवाज. आज सकाळी ओटीवर चहा घेत बसलो होतो आणि हा आवाज कानात आला. साठ वर्षांहून जास्त काळ मध्ये गेला, तरी मी तो लगेच ओळखला. भाताचं आवण चिखलात खोचताना अंगठा आत जातो, आणि बाहेर येताना चिखल त्याला सहजी सोडत नाही, त्याचा तो आवाज. तुला हे समजावून सांगायची गरज नाही. तू जन्मभर त्या आवाजात गुडघाभर उभा होतास. पण तू गेल्याला आता चाळिसावर पावसाळे झाले आणि तुला सांगायची एक गोष्ट माझ्याकडे राहून गेली आहे. ती सुरुवातीपासून सांगतो, कारण मधूनच सांगितली तर मी स्वतःला सहज सुटू देईन, हे मला माहीत आहे.

आपलं गाव म्हणजे वर तेरा घरं आणि खाली ओढ्याकडेला पाडा. नदी भरली की मुरबाडचा बाजार तुटायचा, आणि सिद्धगड एकदा ढगात शिरला की गणपतीपर्यंत तोंड दाखवायचा नाही. कसाऱ्याला रेल्वेच्या कामावर गेलेली माणसं आवणीला घरी परतायची आणि त्यानंतर गावात नवं माणूस म्हणून क्वचितच कुणी यायचं. मी एकवीस वर्षांचा होतो आणि देवळाच्या ओसरीत भरणाऱ्या शाळेचा मास्तर होतो. जगाच्या टोकावरची शाळा म्हणायचो मी तिला, आणि त्याचा मला अभिमान होता. गणित मी कसंबसं शिकवी, कविता मात्र जीव ओतून. भुजंगप्रयात शिकवायचा असला की मुलांना मांडीवर ताल धरायला लावी. एखाद्याचा ताल चुकला की पहिल्यापासून. पाऊस कौलांवर कोसळतो आहे, ओसरीत अठरा पोरं डुलत आहेत, आणि तू डोक्यावर इरलं घेऊन शेताकडे जाताना क्षणभर थांबतोस. मला ते अजून दिसतं. तुला अक्षर येत नव्हतं, पण तू नेहमी कडवं पूर्ण झाल्यावरच निघायचास.

आवणीची रीत तू पाळलीस तशी कुणी पाळली नाही. पाऊस लागायच्या आधी गावदेवीपुढे पाळी ठरायची: आज या घरचं शेत, उद्या त्या घरचं, आणि ज्या घरची पाळी त्या घरात सगळा गाव हाताला. न्याहारीला नागलीची भाकर आणि सुकट. दोन गोष्टी मोडायच्या नाहीत. पाळी बदलायची नाही, आणि एकदा उतरलेलं शेत अर्धं टाकून दुसऱ्याच्या शेतात उतरायचं नाही. सगळ्यात शेवटचं खाचर संपलं की बाया त्या शेताच्या मालकाला धरून नखशिखांत चिखल लावायच्या. मालक पळायचा, पण कधी फार लांब पळायचा नाही.

त्या वर्षी शेवटची पाळी पाड्यावरच्या मावशीची होती. सगळा गाव तिला मावशीच म्हणायचा. नवरा मागेच गेलेला, पदरात एक मुलगी. जन्मभर दुसऱ्याच्या शेतात आवण लावलं तिनं, आणि त्या साली कुळकायद्यानं ओढ्याकाठचा एक तुकडा तिच्या नावावर झाला. नवी मालकीण म्हणून तिची पाळी सगळ्यांच्या मागे. तिला त्याचं काही नव्हतं, उलट आनंदच. शेवटची पाळी म्हणजे चिखल तिच्याच अंगाला. ज्येष्ठभर ती भेटेल त्याला बजावत होती, "औंदा मी मालकीन हाय. मला चिखल लावल्याबिगर घरी जाल तर बघा!" आणि आवणीचं गाणं तीच सांगायची. एक ओळ ती सोडायची, बाया ती झेलायच्या, आणि झेलता झेलता सात मुठी आवण खोचून होई. मग सगळ्यांचं पाऊल मागे. नदीपलीकडे दिलेल्या मुलीचं गाणं होतं ते. नदी काही उतरत नाही आणि माहेर काही दिसत नाही.

दोरी मी आणली. शहापूरला शिबिराला गेलो होतो, तिथे जपानी पद्धतीची भातशेती दाखवली. दोन बांधांवर दोन माणसं दोरी ताणून धरणार, दोरीला वितीवितीवर खुणा, आणि खुणेला खूण धरून सरळ ओळीत लावणी. वहीत रेघ मारावी तसं शेत. मी भारावून गेलो. परत येऊन तुला म्हटलं, आपलं वरचं सगळं शेत असंच लावू. तू आधी शेताकडे बघितलंस. मग अंबाडी काढलीस आणि तीन संध्याकाळी बसून मला चाळीस हात दोरी वळून दिलीस, गुळगुळीत, एक गाठ नाही. आईच्या जुन्या लुगड्याच्या लाल चिंध्या मी तिला बांधल्या. तुझ्या हातची मला मिळालेली ती सगळ्यात सुंदर वस्तू होती, आणि तुला ती वळावीशी वाटत नव्हती हे मला तेव्हाही कळत होतं.

आपली पाळी आली. बाया बांधावर उभ्या राहून दोरीकडे बघू लागल्या.

"मास्तरा, ही दोरी कशाला रे? आमाला बांधून घालतोस काय?" मावशी म्हणाली.

"ओळीत लावायचं मावशी. मधून वारा खेळतो, भात जोमानं येतं."

"आता भाताला बी ओळीत हुबं करतोस? मंग हजेरी बी घे त्याची!"

"गो बाय, गप लाव," दुसरी म्हणाली, "नायतर मास्तर छडी काढंल."

हसत हसत उतरल्या. मावशीनं गाणं सोडलं, पहिली ओळ झेलली गेली, दुसरी निम्म्यात आली आणि मी ओरडलो, "थांबा! दोरी सरकू दे." थांबल्या. पुन्हा सुरू केलं, पुन्हा मी ओरडलो. असं चार-पाचदा झालं. मग मावशीनं पुन्हा गाणं सांगितलं नाही. दुपारी त्या शेतात फक्त माझा आवाज होता. बारा बाया खाली मान घालून खुणा शोधत होत्या, एकीचं पाऊल आधी, एकीचं नंतर. एका दिवसाचं शेत पाच दिवसांत झालं. पाचही दिवस दोरीचं एक टोक माझ्या हातात आणि दुसरं तुझ्या. तू समोरच्या बांधावर खांबासारखा उभा होतास. तिसऱ्या दिवशी मी तुला म्हटलं, उद्या पुढच्या घरी जाऊ देत, आपलं राहू दे अर्धं. तू नुसती मान हलवलीस. उतरलेलं शेत अर्धं टाकायचं नव्हतं.

सहाव्या दिवशी शिबिरातले साहेब शेत बघून गेले, खूश झाले. ते बांधावरून दिसेनासे झाल्यावर तू पाय धुता धुता मला विचारलंस, "तुझ्या शाळेत पोरं कविता बोलत असली, आन् मी मधीच येऊन एकेकाला नीट बस, नीट बस करत राह्यलो, तर तू काय करशील?"

"बाहेर काढीन," मी म्हटलं.

"मंग?"

बस, एवढंच. तू कधी हात उगारला नाहीस माझ्यावर. पण तो "मंग" मला लागला तसा कुणाचा हात लागला नसता.

तुला सांगतो, दोरी वाईट नव्हती. ते शेत त्या साली गावात सगळ्यात उजवं पिकलं, आणि पुढे सगळीकडेच लोक ओळीत लावू लागले. माझी चूक दोरी आणल्याची नव्हती. जन्मभर ताल शिकवणाऱ्या माणसाला बांधावर उभं राहून ताल ऐकू आला नाही, ही माझी चूक होती. मी ते पद्य वहीतल्या ओळींनी मोजत होतो. ते पावलांचं होतं.

चूक माझी आणि भोगायची वेळ मावशीवर आली. आपले चार दिवस जादा गेले, सगळ्यांच्या पाळ्या मागे पडल्या, आणि नेमकी त्याच वेळी उघडीप पडली. खाचरं आवळली, नांगर चालेना. पुन्हा पाऊस धरून मावशीची पाळी येईपर्यंत तिच्या राबातलं, रोपांच्या वाफ्यातलं, आवण जून होऊन पिवळं पडलं, कांड्या धरल्या त्यानं. मालकीण म्हणून पहिलं साल, आणि शेतात लावायला काही नाही. चिखलाची गोष्टही तिनं काढायची सोडली. पाड्यावरून शाळेत येणारी तिची मुलगी मात्र त्या आठवड्यात आली नाही आणि मला हजेरी घेताना तिच्या नावाशी थांबता येईना.

नदीकाठचं आपलं खाचर पाळीत नसायचं. पहिला पूर ओसरला की आपण घरचीच माणसं ते लावायचो, म्हणून त्याचा राब तू मागाहून पेरलेला. ते आवण अजून हिरवंगार होतं. एका सकाळी उठून बघतो तर तू ते सगळं उपटून मुठी बांधत होतास. आई म्हणाली, "आन् आपलं?" तू म्हणालास, "आपलं वरचं ओळीत हुबं हाय ना." नदीकाठचं खाचर त्या साली तसंच राहिलं. त्यात गवत वाढलं आणि फाल्गुनापासून आपण नागलीवर आलो. तू एकदाही ते मला ऐकवलं नाहीस.

मी त्या सकाळी तुला म्हटलं, मला मुरबाडला शाळेचं काम आहे. तू म्हणालास, जा. संध्याकाळी परत आलो तर तू अंगणात उभा होतास, केसांपासून नखांपर्यंत चिखलात. नुसते डोळे तेवढे पांढरे. मी विचारलं, "हे काय? मालकीण तर ती ना?"

"तिलाबी लावलं," तू म्हणालास. "मंग तिनं मला लावलं. का, ते तिलाच इचार."

मी कधी विचारलं नाही. मावशी होती तोवर तिच्यासमोर नीट उभाच राहिलो नाही. शेतं बदलली, शाळा पक्की झाली, मी रस्त्याकडेला घर बांधलं, आणि मावशीच्या घरातलं कुणी आजवर माझी पायरी चढलेलं नाही. मीही कधी बोलावलं नाही.

आता राहिलेली गोष्ट. बाबा, मी मुरबाडला गेलो नव्हतो. नदीपर्यंत गेलो आणि फिरलो. मावशीच्या शेतावरच्या मोहाच्या झाडामागे दिवसभर बसलो होतो, पावसात, इरल्याशिवाय. खाली येऊन हात लावायची लाज वाटत होती आणि निघून जाववतही नव्हतं. तिनं गाणं सोडलं. बायांनी झेललं. सात मुठी आणि पाऊल मागे, सात मुठी आणि पाऊल मागे, आणि कडेला तू आवणाच्या मुठी फेकत होतास त्यासुद्धा त्याच तालावर. मी सगळं गाणं पाठ केलं. शाळेत कुठलीच कविता मी एका दिवसात पाठ केली नाही. नदीपलीकडची मुलगी शेवटी माहेरी पोचते का, हे मला ठाऊक आहे. ते मी आजवर कुणाला म्हणून दाखवलेलं नाही. तू चिखलात न्हालेला समोर उभा राहून माझ्याकडे बघत होतास आणि मी तुला सांगितलं की मुरबाडला फार पाऊस होता.

बाबा, कुणीतरी हाक मारतंय. थांब.

दारात एक बाई आहे, चाळिशीची असेल. साडी गुडघ्याशी खोचलेली, पाय चिखलाचे. मी ओळखलं नाही म्हणून तिनंच सांगितलं, "मी खालच्या पाड्यावरली. मावशीची नात." मी बस म्हटलं, तर म्हणाली, "बसाला टाइम नाय आजोबा. आज आमचं शेवटचं खाचर. चार बाया भेटल्यात, त्या बी कंपनीत जानाऱ्या. एकीचं पाऊल एकीला लागत नाय. गानं कुनाला येत नाय. आजी जाताना बोललेली, गानं इसरलात तर मास्तरला इचारा. त्याला सगळं पाठ हाय, मोहाआड बसून ऐकलंय त्यानं."

मी विचारलं, "तिला दिसलो होतो मी?"

"तिला? अवो, तिनंच तुमच्या बापासला दावलं. तो बोलला, बसू दे. ऐकू दे त्याला."

हे मी उभ्यानंच लिहितो आहे. म्हणजे मी चिंब भिजून अंगणात आलो आणि मुरबाडच्या पावसाचं सांगत होतो, तेव्हा तुला सगळं ठाऊक होतं. मग हे पत्र कुठे धाडायचं राहत नाही. कागद इथेच ठेवतो. ती पायरीवर थांबली आहे आणि तिला पहिली ओळ हवी आहे.