तिसरी पुकार

बदनापूर,
बुधवार, १६ जानेवारी १९९१

प्रिय कौसल्या,

सलाम. इतक्या दिवसांनी माझं अक्षर बघून तू हे पत्र रागाने बाजूला ठेवशील, याची मला खात्री आहे. ठेवू नकोस. राग हा तुझा हक्कच आहे, पण आधी शेवटपर्यंत वाच. तुझा भाऊ कारखान्यावरून पाळी करून आला की त्यालाही वाचून दाखव.

मी फार भ्याले आहे गं. चाळीस मुलींचं वसतिगृह सांभाळणारी, दूधवाल्याला पाण्यावरून फाडफाड बोलणारी तुझी ही मालनताई चार दिवस झाले, नीट जेवलेली नाही. घास तोंडात फिरतो. काल प्रार्थनेला मुलींच्या पुढे उभी राहिले आणि रोजची प्रार्थना मधेच विसरले. पोरी हसल्या. मलाही हसू आलं.

गेले दोन रविवार आपल्या देवळात धर्मराजच्या लग्नाची पुकार होते आहे. हो, तुझ्या नवऱ्याचीच. तुला रीत माहीत आहे. पाळकसाहेब नवरा-नवरीची नावं वाचतात आणि विचारतात, या लग्नाला कुणाची हरकत असेल तर त्याने उभं राहून सांगावं. तीन रविवार विचारतात. तिन्ही वेळा मंडळी गप्प राहिली की सगळ्यांची संमती. तुझ्या वेळी दुसऱ्या पुकारीला एक शेळी देवळात शिरली होती आणि हरकत घ्यायला आली म्हणून सगळे हसले होते, आठवतं? आता येत्या रविवारी तिसरी पुकार आहे. ईस्टरच्या आधीचा उपासकाळ लागायच्या आत त्यांना लग्न उरकायचं आहे. त्या दिवशी कुणी उठलं नाही, तर तू या मंडळीच्या लेखी धर्मराजची बायको उरणार नाहीस.

नवरी आपली बेबीनंदा. सहा वर्षांची होती तेव्हापासून माझ्या हाताखाली वाढलेली, बिनआईबापाची पोर. तू तिच्या वेण्या घालायचीस. तिच्या चुलत्याला तुझ्या सासऱ्यांची, रखमाजी पंचांची सोयरीक म्हणजे आभाळ ठेंगणं झालं आहे. तिला सांगितलंय की धर्मराजची पहिली बायको दुसऱ्याबरोबर निघून गेली. परवा ती मला बांगड्या दाखवायला आली. मी छान आहेत म्हणाले आणि भांडी मोजायला आत निघून गेले. काय करणार होते?

तुला एस.टी.त बसवून दिलं तो दिवस मी रोज आठवते. तू खोकून खोकून अर्धी झाली होतीस. डॉक्टरांनी क्षय सांगितला, आणि सासू तुझं ताट वेगळं ठेवायला लागली, म्हणून भावाकडे अंकुशनगरला जायचं ठरलं. औषधांची पिशवी मी तुझ्या मांडीवर ठेवली. धर्मराज खिडकीशी उभा होता. तो म्हणाला, “सा महिन्यांत बरी हो बिलकुल, मी सोता येतो न्यायला.” हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. आठ महिन्यांनी तुझं कार्ड आलं की डॉक्टरांनी आता काही नाही म्हणून सांगितलंय, यांना न्यायला पाठवा. तुझ्या सासऱ्यांना ते मीच वाचून दाखवलं. रखमाजींनी कार्ड घडी करून खिशात घातलं आणि बरं झालं म्हणाले. पुढच्या आठवड्यात कुणीतरी जाईल असं मला वाटलं. मग त्याच्या पुढच्या. असं करत करत वर्ष गेलं आणि मीही विचारायचं सोडून दिलं.

आता पंचांकडे एक कागद आहे. कौसल्या राजीखुशीने घर सोडून गेली आणि तिकडे तिने दुसरं घर केलं, असं त्यात लिहिलंय. खाली साक्षीदाराची सही आहे. त्या कागदावरच पाळकसाहेबांनी पुकारीला परवानगी दिली.

पहिल्या रविवारी मी बसून राहिले. दुसऱ्या रविवारी मनाशी ठरवून गेले होते, पण पुढच्या बाकाची कड धरली आणि हात तिथेच राहिले. शेजारी आमची स्वयंपाकाची सगुणाबाई होती, तिला सगळं कळलं. घरी येताना म्हणाली, “मालनबाई, तुमी कशाला मधी पडून राह्यल्या? आपली भाकर पंचांच्या हातात हाय. खोली गेली तर मंग या वयात जायचं कुठं?” तिचं काही चुकलं नाही. वसतिगृह कमिटीचं, खोली कमिटीची, आणि कमिटी म्हणजे रखमाजी पंच.

तरी सोमवारी मी पाळकसाहेबांकडे गेले. माणूस वाईट नाही गं, हेच तर अवघड आहे. मला हिवताप झाला तेव्हा स्वतः पेजेचा डबा घेऊन आले होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, पंचांना, वडीलमंडळींना देवाने नेमलं आहे, त्यांच्याविरुद्ध उठणं म्हणजे देवाविरुद्ध उठणं, आणि मंडळीत फूट पाडणाऱ्याला प्रभुभोजनाला बसता येत नाही. मी खाली मान घालून उठले. भाकरीचं भय एकीकडे, पण ते म्हणतात तेच खरं असलं तर? बावन्न वर्षं ज्या देवाच्या जिवावर काढली, तोच माझ्यावर उठला तर मी कुणाच्या दारात जाऊ?

मी प्रार्थना केली. आवाज वगैरे काही आला नाही. पण गुडघे दुखायला लागले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. प्रार्थनेत देवाच्या जागी मला सारखा रखमाजींचाच चेहरा दिसत होता, भुवया उंचावलेला. इतकी वर्षं मी पंचांना भीत होते आणि त्याला देवाचं भय म्हणत होते. देवाला तर सगळं ठाऊकच आहे. एस.टी.च्या खिडकीशी तोही होता. मग त्याच्यापासून काय लपवायचं? हे कळल्यावर भीती गेली असं समजू नकोस. माझा देवावर विश्वास आहे, पण तो या घडीला लटलट कापतो आहे.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगते. त्या कागदावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. दिवाळीआधी मला बैठकीत बोलावलं. रखमाजी म्हणाले, तिला गाडीत बसवून देणारी तूच, तुझाच शब्द मंडळी मानेल. मी कागद दोनदा वाचला. खोटा आहे हे मला दोन्ही वेळा कळलं. सगळे माझ्याकडे बघत होते आणि पेन हातात दिलेलं होतं. वडीलमंडळींच्या आज्ञेत राहिले असं मी स्वतःला सांगितलं आणि सही केली. रविवारी मी उभी राहणार आहे, आणि ती सही खोटी होती हे सगळ्यांसमोर सांगणार आहे. पण मी मला ओळखते, कौसल्या. बाकाची कड धरून मी पुन्हा बसून राहीन. म्हणून हे पत्र आधीच तुझ्याकडे पाठवते आहे. एकदा पेटीत पडलं की मला ते परत काढता येणार नाही. शनिवारपर्यंत तुला मिळेल. रविवारी पहिल्या गाडीने भावाला घेऊन ये, उपासना साडेनऊला असते. मी उठले तर माझ्याजवळ येऊन उभी राहा. नाही उठले, तर हे पत्र हातात घेऊन तू ऊठ आणि माझ्यादेखत वाच. सही मी पूर्ण नावाने करते आहे, त्या कागदावर केली तशीच. त्यांना दोन्ही शेजारी ठेवून बघू दे.

तुझीच,
मालनबाई यादवराव निर्मळ