सामान गेलं, मी राहिले

विमानतळ, परदेशी विमानांचं दालन
(पंखा नसलेल्या बाजूचा बाक)
शुक्रवार, संध्याकाळ

केनेचीच्या मातोश्री, माझ्या विहीणबाई युकेरिया यांस,

आपण दोघी एकाच वयाच्या, म्हणून गुडघे टेकत नाही. पण मान पुरती झुकवून नमस्कार करते. तुमचा गुडघा कसा आहे? सकाळी मला टॅक्सीत बसवायला तुम्ही जिना उतरलात तेव्हा प्रत्येक पायरीला देवाचं नाव घेत होता, ते ऐकून माझाच जीव वरखाली होत होता. रक्तदाबाची गोळी वेळेवर घेत जा. जनरेटरचा धूर स्वयंपाकघरात येतो तो कोणाला तरी दाखवा. रात्रीचा भात आणि तळलेली केळी फार छान झाली होती (मीठ जरा बेताचं चाललं असतं, पण ते तुमच्या रक्तदाबासाठी म्हणते, माझं काही नाही).

तुमचा समज असेल की एव्हाना मी जोहान्सबर्गला पोचून आपल्या नातवाला मांडीवर आडवं घेतलं असेल. सकाळी माझाही तोच समज होता. मी इथेच आहे. घाबरू नका, तब्येत ठणठणीत आहे. फोन करत नाही, कारण त्यात जी काही थोडी धुगधुगी उरली आहे ती माझ्या लेकीसाठी, अदाउगोसाठी राखून ठेवली आहे. इथे भिंतीला प्लग पुष्कळ आहेत, पण वीज एकाच प्लगमध्ये येते आणि त्या प्लगपाशी एक गृहस्थ स्टूल टाकून मालकासारखे बसले आहेत. शिवाय फोनवर तुम्ही मधे मधे बोलता. पत्रात मला सलग सांगता येतं. तुमच्या बाजारावरून जाणारा एक टॅक्सीवाला आहे, त्याच्या हाती हे धाडते.

झालं काय ते सांगण्याआधी एक गोष्ट. लेक बाळंत झाली की तिचं ओमुग्वो तिच्या आईने करायचं, शेकशेगडी, न्हाणं, तिखट सूप, सगळं तिच्याच हातचं, आणि सासूने मग सवडीने जायचं, ही आपली रीत तुम्हाला मी सांगायला नको. मागे तुम्ही सहज बोलून गेलात की तुमचे कागद तयारच असतात, कापड आणायला तुम्ही सारख्या परदेशी जाता, तर पहिल्यांदा तुम्हीच जाऊन येता. त्यानंतर बरेच दिवस मी तुमचा फोन घेतला नाही, हे तुमच्या लक्षात असेलच. त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही. पोरीचं पोट फाडून बाळ काढलंय. ती अजून धड उठून बसत नाही. केनेची गुणी मुलगा आहे, पण त्याला पाणी उकळता येतं आणि तिथेच त्याचं शिक्षण संपतं (हा दोष तुमचा नाही, थोडासा आहे). तिच्याजवळ कोणीतरी बाई हवी, आणि ती मी, एवढं एकच डोक्यात घेऊन मी गावाहून निघाले होते.

आणि दुसरं असं की, आमच्या चर्चच्या महिला मंडळाची मी अध्यक्ष. लाच देणार नाही अशी शपथ मीच सगळ्यांना घ्यायला लावली, उजवा हात वर करून. म्हणून काल रात्री तुम्ही माझ्या पर्समध्ये सुट्या नोटांच्या घड्या कोंबत होतात त्या मी तुमच्या उशीखाली परत ठेवून आले आहे. घरात पैसे सापडले म्हणून मोलकरणीला आशीर्वाद देऊ नका.

तर सकाळी दारातच पहिला गणवेशवाला भेटला. माझा पासपोर्ट त्याने वाचला, उलटा करून वाचला, मग पंख्याने वारा घ्यावा तसा तो हलवत लाडात म्हणाला की मम्मी, आम्ही तुमची पोरं सकाळपासून उपाशी आहोत. आता मला कोणी मम्मी म्हटलं की मी आई होते, मग माझा इलाज नसतो. मी विचारलं, कोणत्या गावचा, आई आहे का, चर्चला शेवटचा कधी गेलास? शेवटच्या प्रश्नाला तो अडखळला. मी तिथेच त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि प्रार्थना सुरू केली. त्याची भूक, त्याची बढती, त्याच्या लहान भावंडांची परीक्षा, सगळं घेतलं. मागे रांग वाढत गेली, रांगेतले लोकही आमेन म्हणू लागले. एका बाईने तर मुलगा होऊ दे म्हणून मधेच आपलंही सांगून टाकलं. शेवटी त्या पोराने डोळे न उघडताच पासपोर्ट माझ्या हातात दिला. एक छदाम खर्च झाला नाही. तेव्हा तुमची फार आठवण आली.

पुढे सरकता जिना होता, तो सरकत नव्हता. बॅग तपासायचं यंत्र होतं, त्यावर एकाने आपला डबा ठेवला होता. वीज गेली तसा सगळा हॉल ओव्हनसारखा तापला. परत आली तेव्हा लोकांनी आरडाओरडा करून टाळ्या पिटल्या, आणि टाळ्या थांबायच्या आत पुन्हा गेली. यंत्र नाही म्हणून बॅगा टेबलावर उघडायच्या. तुम्हाला माहीतच आहे माझ्या बॅगेत काय होतं. धुरावर सुकवलेले मागूर मासे, जवळा, उझिझाची मिरी, बाळंतिणीच्या सुपात घालायच्या उडाच्या शेंगा. झाकण उघडल्याबरोबर दोन रांगा सोडून उभा असलेला माणूसही जेवणाच्या गोष्टी करायला लागला. टेबलावरची मुलगी पोटुशी होती. तिने मासा हातात घेतला, खाली ठेवला, परत घेतला. मागितला नाही, नुसती बघत राहिली. मग मीच दोन मासे काढून दिले. ही लाच नव्हे. पोटुशीची वासना मोडू नये, हे तुम्हीही मान्य कराल. पण शेजारच्या जाड्याने ते पाहिलं आणि आपलीही बायको पोटुशी असल्याचं जाहीर केलं. त्याच्या पलीकडच्याची होती. साहेबांची होती. एका म्हाताऱ्या हवालदाराची बायकोसुद्धा त्या वयात गरोदर निघाली. त्या टेबलाभोवती एवढी बाळंतपणं जमली की माझं मूळचं बाजूलाच पडलं. मी सगळ्यांना सूप कसं करायचं ते नीट समजावून सांगितलं, मासा कोणालाही दिला नाही. (जाड्याला एक दिला. तो फार केविलवाणा दिसत होता.)

न्हाणीघराबद्दल लिहीत नाही. नळ आहेत, पाणी एका बाईच्या बादलीत आहे, आणि ती बाई हात पुढे करून मला तीनदा शुभ शुक्रवार म्हणाली.

बॅग पट्ट्यावरून आत गेली, हातात बसायच्या जागेचा कागद आला, आणि मला वाटलं आता जिंकले. राहिलं होतं एकच टेबल, पिवळ्या तापाचं कार्ड दाखवायचं. त्या टेबलाची मला सगळ्यांत कमी धास्ती होती. कारण तुम्ही हसलात तरी मी गावच्या सरकारी दवाखान्यात जाऊन, अर्धा दिवस ताटकळून, खरोखरची सुई टोचून घेतली होती. दंड अजून सुजलेला आहे. तुम्ही म्हणाला होतात, कशाला टोचून घेता, कार्ड विमानतळावर मिळतं, सगळे तिथेच घेतात. त्यावर मी तुम्हाला जे ऐकवलं ते तुम्हाला आठवत असेल. आठवत नसेल तर उत्तम.

टेबलामागे एक तरुण होता, पांढरा कोट, इस्त्री कडक, वागायला अतिशय नम्र. मी कार्ड दिलं. त्याने ते उजेडाकडे धरलं. नखाने खरवडलं. बाजूच्याला दाखवलं. मग फार दुःखाने म्हणाला, "मम्मी, तुम्हाला कोणीतरी फसवलंय. हे खरं नाही."

मी म्हटलं, दवाखान्यातल्या नर्सने माझ्यासमोर लिहिलंय.

"तेच ना. खऱ्या कार्डावर कोणी असं हाताने लिहीत नाही. शिक्का बघा, वाकडा आलाय." त्याने खण उघडला आणि कोऱ्या कार्डांचा गठ्ठा काढून माझ्यासमोर ठेवला. सगळी एकसारखी, सरळ शिक्क्याची, फक्त नाव घालायचं बाकी. "हे खरं. हे माझ्याकडेच मिळतं."

विहीणबाई, तो खोटं बोलत नव्हता, याचंच मला नवल वाटतं. त्याच्या टेबलावरून जी कार्डं गेली ती सगळी त्याच्याच खणातली. बाहेरून आलेलं कार्ड त्या बिचाऱ्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं, त्याने ओळखायचं कशावरून? मी बाही वर करून सूज दाखवली. त्याने वाकून बघितली, मनापासून हळहळला आणि म्हणाला की डास असेल, मम्मी, तुमच्या बाजूला मोठे असतात. मागचे लोकही मला समजावू लागले की आजीबाई, घेऊन टाका खरं, विमान जाईल. एका पाद्रीबाबांनीसुद्धा घेतलं. शेवटी मी प्रार्थनेसाठी हात वर केला, तर त्याने लगेच डोळे मिटून घेतले, खाली मान घातली, आमेन म्हटलं, आणि कार्ड काही दिलं नाही. तिथे माझा तोल गेला. मी भाषण केलं. महिला मंडळ, देश, त्याची आई, सगळं त्यात आलं. लोकांनी टाळ्या दिल्या. भाषण संपलं तेव्हा दार बंद झालं होतं.

विमान गेलं. माझी बॅगही गेली. बाई नसली तर बॅग उतरवायची असते म्हणतात, पण कोणी उतरवली नाही. सामानाला पिवळा ताप येत नाही. दुपारी केनेचीने ती उचलून घरी नेली. मासे पोचले, जवळा पोचला, माझी लुगडी पोचली. अदाउगोने फोनवर विचारलं की आई, मासे आले, तू कुठे आहेस? तिच्या आवाजावरून ताप वाटला. मी म्हटलं, येतेच.

मी तुमच्याकडे परत आले नाही याचं कारण लिहायला हवं का? तुम्ही दारात उभ्या राहून एक शब्द बोलणार नाही, हे मला माहीत आहे. ते मला सोसणार नाही. शिवाय इथून बाहेर पडलं की दारात पुन्हा तोच उपाशी मुलगा. कंपनीची मुलगी चांगली आहे, तिने उद्या सकाळच्या विमानात जागा दिली आहे. बाक कठीण आहे, पण शेजारी एक कुटुंब आहे, त्यांनी मला भाकरी आणि अंडं दिलं. माझ्या मनाला पूर्ण शांतता आहे. आपण तत्त्वाला धरून राहिलो की झोप चांगली लागते.

तुमच्या घरातल्या सर्वांना माझे आशीर्वाद.

तुमची विहीण,
उगोये

ता.क. उद्या सकाळी लवकर इथे येऊ शकाल का? उशीखालचे ते पैसे घेऊन या. त्या पांढऱ्या कोटवाल्याकडून माझ्या नावाचं एक खरं कार्ड घ्यायचं आहे. मला माझ्या तोंडाने मागता येत नाही, एवढं भाषण केल्यावर. तुम्ही घ्या, मी त्या वेळी न्हाणीघरात असेन. मंडळात हे कळता कामा नये.

आणखी एक ता.क. वरचं सगळं राहू द्या. आत्ताच अदाउगोचा फोन आला. ताप वाढला आहे, टाके दुखतात, बाळ अंगावर नीट पीत नाही. मी सांगत होते की उद्या कार्डाचं काही जमलं तर मी नक्की निघते. ती मधेच म्हणाली, "आई, तुम्हा दोघींपैकी कोणीही या. पण उद्या या." आणि फोन गेला.

मी कंपनीच्या मुलीला विचारलं. तुमचं जोहान्सबर्गचं पुढच्या महिन्याचं तिकीट उद्यावर आणता येतं म्हणाली, एक जागा आहे. कार्ड जमलं तर मी, नाही तर कोणीच नाही, असं आता चालणार नाही. त्या पांढऱ्या कोटवाल्याने उद्या माझा चेहरा ओळखून पुन्हा अडवलं तर? तुमचं कार्ड त्याच्याच खणातलं, तुम्हाला कोणी अडवणार नाही. तुम्हीच जा. पहाटे पासपोर्ट घेऊन या, मी दारात उभी आहे. मागाहून कशीही येईन.

न्हाणीचं पाणी कढत हवं, तुमच्या हाताला सोसेल त्याहून थोडं जास्त. पोट शेकताना ती ओरडेल, पण टाक्यांपासून टॉवेल चार बोटं लांब ठेवा. उडा ठेचून घाला, वाटून नाही. आणि सूप माझ्या हातचं आहे असं सांगून तिला देऊ नका. पहिल्या घोटाला ओळखेल, आणि मग रडत बसेल.