म्हणे पाणी गेलंय

४ एप्रिल
लॅपटॉप गेला. सकाळी बटण दाबलं, दिवा लागला, स्क्रीन काळी ती काळीच. बायपासच्या बिल्डरचे नकाशे सगळे आत. घेतल्यापासून नुसता तापतोय, मांडीवर ठेवायची सोय नाही. दोनदा तक्रार केली, दोन्ही वेळा "नॉर्मल आहे मॅडम." घ्या आता नॉर्मल! वॉरंटी जूनपर्यंत आहे, तेवढंच नशीब.

५ एप्रिल
उस्मानपुरा, सर्व्हिस सेंटर. टोकन घेऊन बसले, पंखा काउंटरवाल्याकडं तोंड करून. "चेक करून कळवतो." कधी? "कळवतो." आतली डिस्क तरी काढून द्या म्हटलं. तर म्हणे, वॉरंटीत मशीन असं उघडता येत नाही.
बिल्डर म्हणाला, महिनाअखेरपर्यंत थांबतो, मग दुसऱ्याकडं देतो. हे गेलं की त्याच्या पुढच्या साइटी पण गेल्या. नवऱ्याच्या, संतोषच्या कंपनीत पाण्यावाचून निम्म्याच शिफ्ट चालू आहेत. घर सध्या माझ्या नकाशांवर आहे, आणि नकाशे त्या डबड्यात. त्यातल्या एका सोसायटीत स्विमिंग पूल काढलाय मी. जिथं अजून नळ पोचला नाही तिथं. असो.

९ एप्रिल
फोन नाही. मीच केला. एक दाबा, दोन दाबा, मग गाणं. मग कट. परत पहिल्यापासून. चुलीत घाला म्हणावं तुमचं गाणं.

११ एप्रिल
निकाल लागला. "लिक्विड डॅमेज." बोर्डावर पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही, नवा बोर्ड आपल्या खर्चानं. आकडा ऐकून सेंटरच्या बाकावर जाऊन बसले.
मग मात्र उठले. म्हटलं, अहो दादा, आमच्या मुकुंदवाडीत नळ आठवड्याला एकदा येतो. टँकरच्या ड्रमला कुलूप लावायचं तेवढं राहिलंय. प्यायला पाणी नाय आणि मी लॅपटॉपवर सांडीन व्हय? मागं रांगेत सगळे हसले. एक चाचा म्हणाले, "सही बोल रही बेटी." काउंटरवाल्यानं मान वर केली नाही. शेवटी त्याला कंपनीच्या वरच्या ऑफिसात तक्रार टाकायला लावली, तेव्हाच मी तिथून हलले. घसा बसलाय.
घरी आत्याबाईंना सांगितलं. गावाकडची विहीर आटली, दीर मेंढरं घेऊन पाण्याच्या मुलखाकडं गेले, म्हणून संतोषनं त्यांना, आपल्या आईला, होळीनंतर इकडं आणलंय. त्यांना लॅपटॉप कशाशी खातात माहीत नाही, पण माझ्यापेक्षा जास्त तापल्या. "मुडदा बशिवला त्यांचा! पानी गेलं म्हनं!"

१५ एप्रिल
पुण्याहून कंपनीच्या बाईंचा फोन. माणूस घरी येऊन बघेल, मशीन कुठं ठेवता, कसं वापरता. आसपास पाण्याचं काही नसलं तर बोर्ड फुकट. जिंकले! बिल्डरला सांगून टाकलं, देते नकाशे.

१६ एप्रिल
काय करू.
माणूस येणार म्हणून टेबल पुसत होते. मागच्या कपाटाच्या आरशावर पांढरे ठिपके. चार्जरवर पण. नखानं खरवडलं, क्षार. टँकरच्या बोअरच्या पाण्याचा, हंड्यात बसतो तसा. तेव्हा कूलरकडं बघितलं. त्याचं तोंड पलंगाकडं असतं. आज टेबलाकडं होतं.
"आत्याबाई, हा कुणी फिरवला?"
"मीच की. दुपारी तू पडलीस की त्याच्याकडं करते. लई तापतंय ग ते. हात लावला तर चटका बसतोय. कवाचं राबतंय तुझ्यासाठी."
आता तर तिथं लॅपटॉपसुद्धा नाही. म्हणाल्या, सवय लागलीय हाताला. आणि पाणी? "तुमचं नाय घेतलं. माझ्या आंघोळीचं ओतते. मला काय, वल्या फडक्यानं पुसलं की झालं."
स्वयंपाकघरात जाऊन रडले. कंपनीच्या नावानं गावभर ओरडून आलेय मी.
संतोष आधी हसला, मग उठून कूलरचा प्लग काढला. त्याचं ठरलं: कूलर गच्चीवर, आईला काही कळू द्यायचं नाही, माणसाला कूलर नाहीच म्हणून सांगायचं. मी हो म्हटलं. पण राग जात नाही. एवढा तापतोच का मेला तो लॅपटॉप?

१८ एप्रिल
आला माणूस. टेबल बघितलं, खिडकी बघितली. "मॅडम, इथं कूलर वगैरे?"
मी तोंड उघडणार तेवढ्यात दारातून आत्याबाई. "हाय की! काल वर नेला पोरानं. मीच त्याचं वारं घालत व्हते त्या मशिनीला."
झालं. तो खाली मान घालून लिहायला लागला.
"पर साहेब, ते एवढं तापतं का, ते सांगा की आधी."
"आजी, हीटिंग वेगळं, लिक्विड वेगळं."
"आसं कसं? तापलं नसतं तर मी कशाला वारं घातलं असतं?"
त्याचा पेन थांबला. मला विचारलं, तापण्याची तक्रार आधी केली होती? दोनदा, म्हटलं, तुमच्याच काउंटरवर. तेही लिहिलं. काय लिहिलं ते दाखवलं नाही. "वर कळवतो," म्हणाला आणि गेला.
आत्याबाई लगेच जवळ आल्या. "खरं ते सांगितलं आपन. आता देतील न्हवं नीट करून?"
मी म्हटलं, व्हय, देतील. तेव्हापासून फोन हातातच आहे.