अंगठ्याचा काळा दोरा

आप्पा, दादाचं ऑपरेशननंतरचं महिन्याचं सीटी स्कॅन काल झालं. पोटातल्या रक्तवाहिनीत जाळी बसवली तिथंच आहे, बाजूनं रक्त कुठं झिरपत नाही. रिपोर्ट लिहायला मीच बसले होते, पण पडद्यावर सगळं स्वच्छ दिसत असूनही हात चालेना, शेवटी शेजारच्या डॉक्टरांकडून लिहून घेतला. तुम्हाला हे सांगावंसं वाटलं.

तुमचा तो रविवार मला अजून जसाच्या तसा दिसतो. आई चुलीपुढं भाकरी थापतेय, तुम्ही तिथंच चटईवर उताणे पडलाय, आठवडाभर टॉवेलच्या मागांपुढं उभं राहून पाठ धरलीय म्हणताय. मी मेडिकलच्या पहिल्या वर्षाला, सुट्टीवर आलेली. तुम्ही माझा हात ओढून पोटावर ठेवता. "बघ की, कसं उडतंय! तुमच्या पुस्तकात हाय का ह्ये?" बेंबीच्या जरा वर, तळहाताखाली काहीतरी जोरात ठोके देत होतं. आई मान न वळवता म्हणाली, "बेंबी सरकली आसंल. अंगठ्याला दोरा बांदा." आपल्याकडं पोटात उडायला लागलं की बेंबी सरकली म्हणायचं, आणि पायाच्या अंगठ्याला काळा दोरा करकचून बांधला की ती जागेवर येते असं धरून चालायचं. दोरा बांधला. तुम्हाला बरंही वाटलं, "उतरलं बग," म्हणालात. चौथ्या दिवशी एमआयडीसीत मागापाशीच कोसळलात, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुगत फुगत जाऊन फुटली होती. ती वाहिनी कुठून येते, बेंबीपाशी कशी दुभंगते, हे मी त्याच सहामाहीत घोकून पाठ केलं होतं. परीक्षेत त्याला चांगले मार्कही पडले.

दोऱ्यानं माणूस मरत नाही, एवढं मला कळतं. पण दोरा बांधून आमचं समाधान झालं, मग डॉक्टरकडं कोण जातंय! त्या रागानंच मी सोनोग्राफीत आले. मुतखड्यासाठी येवो नाहीतर पित्तासाठी, साठीच्या आसपासचा पुरुष टेबलावर झोपला की मी ती वाहिनी मोजतेच. "म्याडम, दुकतंय हितं, आन् तुमी बगताय तितं," म्हणतात. बाहेर रांग खोळंबते, कुरकुरते. कुरकुरू दे. सगळ्या सोलापूरची पोटं बघितली, फक्त दादा हाती लागत नव्हता. बापाला झालेलं मुलालाही होऊ शकतं, त्यातून तुमच्यासारखी त्यालाही बिडी-सिगारेट सुटत नाही, हे मी त्याला शंभरदा सांगितलं. "आप्पांला झालं म्हणून मला हुतंय व्हय? तुजी डाक्टरी दवाखान्यात ठेव की, घरात सुखानं जेवू दे." कितीतरी वर्षं हेच.

दोन महिन्यांपूर्वी त्याच्याकडं जुळे सोलापूरला जेवायला गेले. तो मांडी घालून ताटावर बसला आणि मला त्याच्या उजव्या अंगठ्याला काळा दोरा दिसला. वहिनी वाढता वाढता म्हणाली, "पोटात लई उडतंय म्हणत होते. बेंबी सरकलीय." मी उष्ट्या हातानं उठले. "ऊठ." "आगं, भात तरी..." "ऊठ म्हणते ना!" थोरल्या भावावर आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. तासाभरात तो माझ्या टेबलावर होता. दोन सेंटिमीटर असायची ती वाहिनी सहाची झाली होती. मग सीटी केलं. सर्जन त्या चित्रांपुढं बराच वेळ बसले. मूत्रपिंडाकडं जाणाऱ्या फांद्यांखाली जाळीला धरायला पुरेशी चांगली भिंत शिल्लक होती, म्हणून पोट फाडावं लागलं नाही, जांघेतून जाळीची नळी आत सरकवली. तिसऱ्या दिवशी दादा चालत घरी आला आणि आल्या आल्या आमटी अळणी झालीय म्हणून वहिनीशी भांडला. मला फार बरं वाटलं. तुमच्या वेळी हे नव्हतं, पोट उघडूनच करायचे. तरी फुटायच्या आधी कळलं असतं तर तुम्हालाही संधी होती, आप्पा. हे मी स्वतःपासून लपवत नाही.

ऑपरेशनच्या सकाळी नर्सनं कात्री दिली आणि दादाचा दोरा मी कापला. आई खाटेशेजारी बसली होती. ती नेहमीसारखीच म्हणाली, "त्येंचा दोरा मीच बांदला हुता. माज्याच हातानं." तीस वर्षं ती भावकीत, शेजारीपाजारी हेच सांगत आलीय, आणि तीस वर्षं मी खाली मान घालून ऐकत आलेय. डॉक्टर झालेल्या पोरीवर बोट येऊ नये म्हणून ती सांगते. तुम्हाला तर माहीतच आहे, आईचे दोन्ही हात पिठात होते. तुम्ही पाय माझ्यापुढं केलात, आणि दोरा मी बांधला.

हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही, म्हणून आईला वाचून दाखवायचं ठरवलंय. आज दुपारी दोनदा तिच्या दारापर्यंत गेले. दोन्ही वेळा ती जागी होती, आणि मी ती झोपलीय असं धरून परत आले. उद्या पुन्हा जाणार आहे.