आप्पांच्या पोटातला भंडारा

मुरूम,
सोमवार

प्रिय शिवप्रिया,

आप्पांच्या पोटाचं काय ते कळल्याशिवाय जर्मनीत पाय ठेवणार न्हाय, असं तू सांगून टाकलंस. मग आता ऐक, अन् हसू आलं तर खुशाल हस.

परवा धाराशिवला दुर्बिणीची तपासणी झाली. तुझे आप्पा कसले धीट, तुला ठाऊकच हाय. उपाशीपोटी सारखं घड्याळ बघत होते. मला राहवेना. नंबर येताच अणदूरच्या खंडोबाचा चिमूटभर भंडारा मी गुपचूप त्यांच्या जिभेवर ठेवला, अन् देवाचं नाव घेऊन गिळा म्हटलं. मलाही आत उभं राहू दिलं होतं. डॉक्टरांनी नळी घातली, डोळा लावला अन् कपाळाला आठ्या! म्हणाले, आत सगळंच पिवळं दिसतंय. अगं, मी तिथंच हात जोडून कबूल केलं की डॉक्टर, ती हळद हाय, देवाची हाय, रागावू नका. नर्सबाई हसू दाबत बाहेर पळाल्या. तोंडात नळी घेऊन आप्पा माझ्याकडं असे बघत होते की विचारू नकोस.

डॉक्टर मात्र भला माणूस. मला दटावलं, पण चिमूटभर हळदीनं एवढं पिवळं होत न्हाय म्हणाले. नळी काढून, पुसून पांढऱ्या कापसावर धरली, तर तिच्यातून बघताना पांढरा कापूसही पिवळाच दिसला! मलाही डोळा लावून बघू दिलं. नळी जुनी, वर्षानुवर्षं एक्स-रेखाली वापरलेली. त्यानं आतले काचेचे तंतू पिवळे पडतात म्हणे. तेव्हा लई आठवलीस बघ. दिवाळीत तू हेच समजावत होतीस अन् मी करंज्या तळत नुसतं व्हय व्हय करत होते. मग त्यांनी नव्या, कॅमेऱ्याच्या नळीनं परत बघितलं. ॲसिडिटीची सूज हाय, बाकी काही न्हाय. गोळ्या दिल्यात, तिखट बंद केलंय. त्या तिखटापायी आप्पा रुसून बसलेत.

तेव्हा जा बाई. पिवळ्या न पडणाऱ्या काचेवर तिथं तुला काम करायचंय ना, मग कर. आणखी कुणाच्या आईची अशी फजिती तरी टळेल. या पत्रासोबत भंडाऱ्याची पुडी ठेवलीय; कपाळाला लाव, तपासणीआधी कुणाला चारू नकोस. एवढं फोनवर का न्हाय सांगितलं म्हणशील. सांगणारच होते गं, पण जा म्हणताना मला रडू फुटलं असतं, अन् ते ऐकून तू थांबली असतीस.

तुझीच,
भंडारावाली अव्वा