घर नातीचं, ती गेली तरी आणि न गेली तरी

मी, चष्मेवाल्यांची विधवा आणि त्यांच्या पश्चात स्वतः चष्मेवाली, माझ्या मालमत्तेची ही व्यवस्था राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला झोप लागत नाही, पण म्हणून माझी बुद्धी फिरलेली नाही, असं त्यांनी त्यात लिहिलं आहे. मीच लिहायला लावलं.

कलम १. दुकान, काचा घासायचं यंत्र व सर्व फ्रेमा माझ्या मुलाला. तो दुकान नीट चालवतो, फक्त गिऱ्हाइकांवर खेकसतो. ते सोडावं.

कलम २. बँकेतली ठेव प्रार्थनाघराच्या छपरासाठी द्यावी. नको. हे कलम रद्द समजावं. ठेव सुनेला. याचं कारण सांगणं भाग आहे.

माझे यजमान तरुणपणी सैन्यात नेमबाज होते. दुर्बिणीतून त्यांना एक शिपाई दिसला, बूट काढून तळपाय चोळत बसलेला. त्याला त्यांनी मारलं. हुकूमच होता. घरी आल्यावर ते धर्मगुरूंकडे गेले. मी बरोबर होते.

"ग्रंथात मारू नकोस असं लिहिलंय. मग माझं काय?"

"युद्धात मारणं पाप नाही रे. तू देवाचं शस्त्र होतास."

"बोट माझं होतं, महाराज."

महाराज हसले. पुढे दरवर्षी प्रार्थनाघरातल्या सभेत यांना उभं करून लोक टाळ्या वाजवायला लागले. एका वर्षी हे उठलेच नाहीत. मग लोक म्हणाले, शेफारलाय. यांना टाळ्या नको होत्या, माफीही नको होती. बसून कोणी ऐकायला हवं होतं. छपराचे पैसे त्या सभागृहाला देताना माझा हात अडतो.

मी तो ग्रंथ पुन्हा पुन्हा वाचला. एका पानावर मारू नकोस, दुसऱ्या पानावर देवच फौजा धाडतो. हात बांधून बसा असंही मला म्हणवत नाही. पलीकडच्या गल्लीतली घरं शत्रूच्या बॉम्बने पडली तेव्हा 'मारा त्यांना' म्हणून मीही ओरडले होते. देवाने तेही ऐकलं असणार. मला उत्तर सापडलेलं नाही. सापडल्यास पुरवणी जोडीन.

कलम ३. राहतं घर, वरच्या मजल्यासह, माझ्या नातीला. तिला सैन्यात हजर होण्याचं बोलावणं आलं आहे. तिचा बाप म्हणतो, "गेली नाहीस तर या घरात पाऊल टाकायचं नाही." आई म्हणते, "माणूस मारून आलीस तर मी तुझं तोंड बघणार नाही." दोघंही देवाची शपथ घेऊन बोलतात. पोरगी जेवायला बसते आणि भाताशी चाळा करून उठते. म्हणून घर तिचं. ती गेली तरी तिचं, न गेली तरी तिचं. तिला बाहेर काढण्याचा अधिकार कोणालाही राहणार नाही. मुलाने व सुनेने तिथे खुशाल राहावं, तिच्या परवानगीने.

कलम ४. माझ्या अंत्यविधीला धर्मगुरूंनी यावं. माझा राग नाही. आहे, पण यावं. प्रार्थना म्हणावी. यजमानांचा विषय निघालाच तर 'चष्मे उत्तम करायचे' एवढंच बोलावं.

कलम ५. नात गेली आणि परत आली, तर तिला कोणी काही विचारू नये. ती आपणहून बोलू लागली तर हातातलं काम ठेवून ऐकावं. मध्येच 'पाप नाही' म्हणू नये. 'पाप आहे' असंही म्हणू नये. ती गेली नाही, तरी तिच्या मनात बोलण्यासारखं बरंच असेल. तेही ऐकावं.

हे मी तिला आज वाचून दाखवलं. तिने खाली मान घालून ऐकलं.

"आजी, तुझ्या मते देवाला काय चालतं गं?"

"मला माहीत नाही, बाळा."

"आणि मी मारून आले तर?"

"तर घरी ये."

ती बराच वेळ माझ्याजवळ बसली. काय ठरलं ते मी विचारलं नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला असून खाडाखोडही माझीच आहे.

लिहून ठेवणार: चष्मेवाली (सही)

साक्षीदार: १. शेजारचे घड्याळजी (सही)
२. दाखला देणारे डॉक्टर (सही)

व्यवस्था पाहणार: दुकानासमोरच्या वकीलबाई

ठिकाण: राहतं घर, वरचा मजला
दिनांक: नातीच्या हजेरीच्या आधीचा शनिवार