मशीन कोर्टात, देव नळदुर्गला

मी, सिद्धेश्वर शरणबसप्पा कोरे, वय सव्वीस, धंदा शिवणकाम, राहणार तामलवाडी, तालुका तुळजापूर, जिल्हा उस्मानाबाद, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहितो. गावातल्या सोमलिंगने डोक्यात घातलेला घाव अजून ठणकतो, पण बुद्धी ठिकाणावर आहे. सोमवारी सोलापुरास डोक्याचे ऑपरेशन आहे, म्हणून ही घाई.

१. राहते घर व दुकान पत्नी रुद्रम्मा हिला.

२. शिवणाचे मशीनही तिलाच. ते सोमलिंगने चोरले, मी अडवले तेव्हा माझे डोके फोडले. पोलिसांना ते त्याच्या कडब्याच्या गंजीत सापडले. तेव्हापासून मुद्देमाल म्हणून कोर्टात आहे. चोर जामिनावर घरी, मशीन अटकेत.

३. आईच्या कुड्या कोणास देता येत नाहीत. त्या मोडून मी वकील दिला. नंतर कळले की खटला सरकारचा, मी नुसता साक्षीदार. माझ्या वकिलाने सरकारी वकिलाशेजारी बसून चिठ्ठ्या सरकवाव्यात, बोलू नये. सोमलिंगचा वकील मात्र माझी नजर अधू, चोर ओळखण्यात चूक झाली, असे दोन तारखा बोलला. डोके माझे होते, एवढाच माझा खटल्याशी संबंध.

४. चुलते मलकाप्पा यांना माझी छत्री. तडजोडीसाठी माझ्यामागे हिंडताना त्यांना ऊन लागते. तेच म्हणाले, "कोर्ट सोड. सोमलिंग अणदूरच्या खंडोबापुढं भंडारा उचलतो, मग तर मानशील?" मी मानले. दिवसही त्यांनीच काढला. मशीन चोरले नाही, अशी सोमलिंगने बेधडक शपथ घेतली. मी डोळे मिटून हात जोडले होते. घरी आल्यावर रुद्रम्मा म्हणाली, "पौषात देव नळदुर्गला असतो न्हवं? अणदूरची मूर्ती तिकडं नेत्यात." गाभारा रिकामा होता. साक्षीदार गैरहजर असला की कोर्टसुद्धा तारीख देते. सबब ती शपथ मला मान्य नाही.

५. माझी साक्ष अर्धी झाली, उलटतपासणी पुरी व्हायची राहिली. मी मेलो तर झालेलीही फुकट, असे वकील म्हणतात. हे वाचून दाखवल्यावर रुद्रम्मा म्हणाली, "मशीन नेताना त्याला म्या बी बघितलंय. मला कुणी विचारलंच न्हाय." पंचनाम्याला तिने सगळ्यांना चहा दिला होता, जबाब कोणी घेतला नाही. सरकारी वकिलांना विनंती की तिला बोलवावे.

तामलवाडी, ता. ३ मार्च १९६१
सही: सिद्धेश्वर शरणबसप्पा कोरे

साक्षीदार:
१. नारायणराव कुलकर्णी, शाळामास्तर
२. म्हाळसाबाई, शेजारीण (अंगठा)

ज्याला मिळकत मिळते त्याने मृत्युपत्रावर साक्षीदार होऊ नये, असे मास्तर सांगतात. म्हणून रुद्रम्मा इथे साक्षीदार नाही. ती कोर्टात होईल.